सोडविलेल्या प्रश्नांचे प्रत्यवेक्षण : वैद्यकीय परवाना परीक्षेच्या वाटेवरील आपल्या मुलांसाठी

मज्झिम निकायात तथागतांनी आपला पुत्र राहुल यास केलेला एक उपदेश आहे. आरसा कशासाठी असतो, असे तथागत त्यास विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल उत्तर देतो. त्यावर तथागत सांगतात की, त्याचप्रमाणे काया, वाचा आणि मन यांनी होणारे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पारखून पाहावे. या पारखण्यालाच प्रत्यवेक्षण म्हणतात. शीलाच्या संदर्भात सांगितलेली ही गोष्ट अभ्यासालाही तंतोतंत लागू पडते, आणि ज्या परीक्षेवर एखाद्या कुटुंबाची सारी पुंजी लागलेली असते त्या परीक्षेच्या अभ्यासाला तर विशेष लागू पडते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

आपल्या शाळेच्या वसतिगृहात वाढलेली काही मुले-मुली गेल्या काही वर्षांत डॉक्टर होण्यासाठी परदेशी गेली. नीट परीक्षेत शासकीय महाविद्यालयापुरते गुण पडले नाहीत, खाजगी महाविद्यालयाचे शुल्क आवाक्याबाहेरचे. म्हणून रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स अशा देशांची वाट धरावी लागली. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातील, कामराज नगरातील किंवा भटवाडीतील आईवडिलांनी त्यासाठी भविष्यनिर्वाह निधी काढला, दागिने मोडले, कर्ज काढले. पदवी घेऊन मूल परत आले, दारावर तोरण लागले. आणि त्यानंतर कळले की अजून एक दार बंद आहे.

परीक्षेचे स्वरूप

परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्या भारतीय नागरिकास येथे व्यवसाय करावयाचा असेल तर 'फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन', म्हणजेच एफएमजीई, उत्तीर्ण व्हावी लागते. २००२ च्या नियमावलीने ही चाळणी परीक्षा आली. राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा, साधारणतः जून आणि डिसेंबरच्या सुमारास घेते. ती उत्तीर्ण झाल्यावर एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करावी लागते, आणि मगच महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे कायम नोंदणी होते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात 'नेक्स्ट' या सर्वांसाठीच्या सामाईक अंतिम परीक्षेची तरतूद आहे. परंतु परीक्षेचे नाव उद्या बदलले तरी अभ्यासाची रीत बदलणार नाही.

परीक्षा संगणकावर आणि इंग्रजीतून होते. एकूण ३०० बहुपर्यायी प्रश्न असतात. १५० प्रश्नांचे दोन भाग, प्रत्येक भागास १५० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नास एक मिनिट. उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. ऐकताना हे सोपे वाटते. परंतु बहुतेक खेपांत उत्तीर्णांचे प्रमाण शेकडा तीसच्या आतच राहिले आहे. निम्मे गुण मिळवावयाचे, तेही वजाबाकीशिवाय, आणि तरीही दहांतील सातजण मागे राहतात. पाच-सहा वर्षे परक्या मुलखात थंडी-वारा सोसून शिकलेली ही मुले आळशी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. या अपयशामागे अनेक कारणे आहेत. त्यांतील जे कारण विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाती आहे तेवढ्याचाच विचार आम्ही येथे करीत आहोत.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. वैद्यकशास्त्र शिकविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु अभ्यासाची पद्धत हा प्रत्येक शिक्षकाचा विषय आहे. पुढे दिलेली वैद्यकीय उदाहरणे डॉक्टर झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांकडून आम्ही तपासून घेतली आहेत.

प्रश्न सोडविणे आणि प्रश्नापासून शिकणे

या परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी आज 'प्रश्नपेढी' घेऊन बसतो. मोबाईलवर हजारो सरावप्रश्न मिळतात. 'आज दोनशे प्रश्न सोडविले' असे तो अभिमानाने सांगतो. त्या दोनशेतून काय शिकलास, असे विचारले तर मात्र उत्तर येते, 'एकशे दहा बरोबर आले.' हे मोजमाप झाले, शिकणे नव्हे. तापमापकाने ताप कळतो, उतरत नाही.

याच्या उलट एक दुसरा वर्ग आहे. तो प्रत्येक प्रश्नाखालील स्पष्टीकरण अथपासून इतिपर्यंत वाचतो, रंगीत पेनांनी वहीत उतरवून काढतो. पन्नास प्रश्नांना त्याचे चार तास जातात. महिन्याअखेरीस वह्या भरतात. परंतु त्या वह्या पुन्हा उघडावयास वेळ उरत नाही.

दोघांचेही कष्ट खरे आहेत, आणि दोघांचाही बराचसा वेळ वाया जातो.

अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना शेकडा ४२ भाग आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना शेकडा ५६. वाचताना 'हे मला येते' असे वाटते, ते वाटणे फसवे असते. स्वतःच्या डोक्यातून बाहेर काढलेले ज्ञानच टिकते. सरावप्रश्नाचे सामर्थ्य यातच आहे. मात्र प्रश्न सोडविल्यानंतर विद्यार्थी काय करतो यावर ते अवलंबून असते.

पहिली पायरी : खात्रीची खूण

परत पाहण्याची तयारी प्रश्न सोडवितानाच सुरू होते. प्रत्येक उत्तरासोबत कागदावर एक खूण करावी. खात्री असेल तर बरोबरची, शंका असेल तर प्रश्नचिन्हाची. यास एक सेकंदही लागत नाही. परंतु या खुणेमुळे सोडविलेल्या प्रश्नांचे चार ढीग आपोआप पडतात : खात्री होती आणि बरोबर आले, शंका होती पण बरोबर आले, शंका होती आणि चुकले, खात्री होती आणि तरीही चुकले.

सर्वांत आधी चौथा ढीग हाती घ्यावा. ज्यास आपल्याला येत नाही हे ठाऊक आहे तो पुस्तक उघडतो, वरिष्ठांस विचारतो. ज्यास चुकीचे ठाम ठाऊक आहे तो कोणासही विचारत नाही. परीक्षेत याने एक गुण जातो. उद्या राजावाडी रुग्णालयासारख्या एखाद्या बाह्यरुग्ण विभागात समोर माणूस बसलेला असताना यानेच अनर्थ होऊ शकतो. परवाना परीक्षा असते ती त्या माणसासाठी. गरीब वस्तीतील रुग्णास दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याची ऐपत नसते, हे आपल्या मुलांनी तरी विसरता कामा नये.

त्यानंतर शंका घेऊन चुकलेले प्रश्न पाहावेत, आणि मग शंका असताना बरोबर आलेले. या तिसऱ्या ढिगाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते, कारण गुणपत्रकात तो 'बरोबर'च्या रकान्यात बसतो. ते उधारीचे गुण आहेत. खात्रीने बरोबर आलेल्या प्रश्नांस हात लावू नये.

हिशेब करून पाहू. पन्नास प्रश्नांपैकी ३० खात्रीने बरोबर, ६ शंकेने बरोबर, १० शंकेने चूक आणि ४ खात्रीने चूक आले असे धरू. चौघांना प्रत्येकी ६ मिनिटे, म्हणजे २४. दहांना प्रत्येकी ४, म्हणजे ४०. सहांना प्रत्येकी ३, म्हणजे १८. एकूण ८२ मिनिटे. शेवटी सारांशास ८ मिनिटे धरली तरी दीड तासात काम आटोपते. सर्व पन्नास स्पष्टीकरणे प्रत्येकी ४ मिनिटे देऊन वाचली असती तर २०० मिनिटे गेली असती. दररोज जवळजवळ दोन तास वाचतात. रात्रपाळी करून अभ्यास करणाऱ्या मुलास दोन तासांचे मोल आम्ही सांगावयास नको.

दुसरी पायरी : चुकीचे कारण

'चुकले' हा निष्कर्ष झाला. कारण शोधल्याखेरीज त्यावर उपाय सापडत नाही. चुकांची कारणे बहुधा पाच प्रकारची असतात. विषय मुळात वाचलेलाच नव्हता. वाचला होता पण आठवला नाही. दोन सारख्या गोष्टींत गल्लत झाली. प्रश्न नीट वाचला नाही. किंवा वेळ संपत आल्याने घाई झाली. पहिल्यास पुस्तक हवे, दुसऱ्यास उजळणी, तिसऱ्यास तुलनेचा तक्ता, चौथ्यास वाचनाची शिस्त, पाचव्यास घड्याळ लावून सराव. पाचही रोगांवर 'आणखी प्रश्न सोडव' हे एकच औषध देणे हा अडाणीपणा होय.

चौथ्या कारणाबाबत आपल्या मुलांस विशेष सांगावेसे वाटते. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाचे इंग्रजी वैद्यकीय शब्द पक्के असतात. घात होतो तो लहान शब्दांत. 'एक्सेप्ट' हा शब्द नजरेतून सुटला की उत्तर उलटे होते. प्रथम करावयाची तपासणी आणि सर्वांत अचूक तपासणी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आतड्यास छिद्र पडल्याचा संशय असेल तर प्रथम उभ्या स्थितीतील छातीचा एक्स-रे काढतात. अधिक अचूक उत्तर सीटी स्कॅन देतो. दोन्ही पर्याय समोर असतात, दोन्ही 'बरोबर' वाटतात, आणि निर्णय एका विशेषणावर होतो. असे शब्द प्रश्नात दिसताच त्यांखाली रेघ मारण्याची सवय लावावी. ही उणीव बुद्धीची नाही, सवयीची आहे, आणि सवय बदलता येते.

तिसरी पायरी : एका प्रश्नाचे चार प्रश्न

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, हे घाटकोपरच्या जुन्या रहिवाशांस आठवत असेल. त्यावरचा एक सरावप्रश्न घेऊ. पायास जखम असलेला माणूस साचलेल्या पाण्यातून चालला. आठवड्याने त्यास ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, कावीळ दिसू लागली. पर्याय असे : डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, हिपॅटायटिस ए. उत्तर लेप्टोस्पायरोसिस.

उत्तर बरोबर आले म्हणून पुढे जाण्याऐवजी, शंकेची खूण असल्यास, येथे थांबावे आणि विचारावे : प्रश्नात काय बदलले असते तर दुसरा पर्याय बरोबर ठरला असता? डोळ्यांच्या मागे दुखणे, अंगावर पुरळ आणि घसरलेल्या प्लेटलेट असत्या तर डेंग्यू. ठराविक अंतराने हुडहुडी भरून येणारा ताप आणि वाढलेली प्लीहा असती तर मलेरिया. ताप उतरू लागल्यावर कावीळ दिसली असती आणि पोटऱ्या व डोळ्यांची लक्षणे नसती तर हिपॅटायटिस ए. तीन मिनिटांत एका प्रश्नाचे चार झाले, आणि चारही आजार एकमेकांपासून वेगळे ओळखता आले. चुकीचे पर्याय फेकून देऊ नयेत; ते पुढच्या प्रश्नाची बरोबर उत्तरे असतात.

आकडेमोडीच्या प्रश्नातही हेच करता येते. एक हजार लोकांच्या वस्तीत १०० जणांस एक रोग आहे. चाचणी त्यांतील ९० जणांत होकारार्थी येते, आणि निरोगी ९०० जणांपैकी १८० जणांतही होकारार्थी येते. चाचणीचे होकारार्थी भाकितमूल्य किती? पुष्कळ विद्यार्थी शेकडा ९० असे उत्तर देतात. ती झाली संवेदनशीलता : रोग्यांपैकी कितीजण सापडले. भाकितमूल्य म्हणजे ज्यांचा अहवाल होकारार्थी आला त्यांपैकी खरे रोगी किती. एकूण होकारार्थी २७०, त्यांत रोगी ९०, म्हणून शेकडा ३३. दोन्ही व्याख्या विद्यार्थ्यास पाठ असतात; भागाकारात खाली कोणती संख्या घ्यावयाची हे ठरविण्यात गल्लत होते.

आता प्रश्न थोडा बदलून पाहावा. तीच चाचणी, परंतु हजारांत रोगी १०० ऐवजी १० च. नऊ रोगी सापडतील, आणि ९९० निरोगींपैकी १९८ जणांस चुकीचा होकार येईल. भाकितमूल्य २०७ पैकी ९, म्हणजे शेकडा सुमारे ४ वर येते. रोग जितका विरळ तितका होकारार्थी अहवाल कमी विश्वासार्ह, हा सिद्धांत आता पाठ करावा लागत नाही. तो स्वतः काढलेला असतो.

चौथी पायरी : एक ओळ आणि खोक्यातील कप्पे

प्रत्येक चुकीपोटी एकच ओळ लिहावी, आणि ती स्वतःच्या शब्दांत. वरील उदाहरणात ती अशी होईल : 'रोग्यांकडून मोजले तर संवेदनशीलता, अहवालाकडून मोजले तर भाकितमूल्य.' ओळ एका वाक्यात बसत नसेल तर विषय अजून समजलेला नाही असे समजावे.

ही ओळ वहीत नव्हे तर लहान कार्डावर, मागील बाजूस लिहावी. पुढील बाजूस प्रश्न लिहावा. सेबास्तियन लाइटनर यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात सुचविलेली खोक्याची पद्धत आम्हांस यासाठी उत्तम वाटते. बुटांच्या खोक्यात पाच कप्पे करावेत. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने उघडावा. उत्तर आले तर कार्ड पुढील कप्प्यात, चुकले तर थेट पहिल्या कप्प्यात. जे येते ते क्वचित समोर येते, जे येत नाही ते रोज समोर येते. खर्च शून्य.

आठवड्याअखेरीस कार्डांची विषयवार मोजणी करावी. या परीक्षेतील विषयांचे वजन सारखे नाही. मेडिसिनचे ३३, सर्जरीचे ३२, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे ३० आणि सामुदायिक वैद्यकशास्त्राचे ३० असे चार विषयांचे मिळून १२५ प्रश्न असतात. न्यायवैद्यकाचे १०, मानसोपचाराचे ५. ज्या विषयाचे वजन अधिक आणि ज्यात चुकाही अधिक, तेथे पुढील आठवड्याचा वेळ द्यावा. आवडत्या विषयात पुन्हा पुन्हा रमणे हा सुखाचा मार्ग आहे, उत्तीर्ण होण्याचा नव्हे.

एक सावधगिरी. परीक्षा मंडळ या परीक्षेच्या प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करीत नाही. बाजारात फिरणारे 'मागील वर्षीचे प्रश्न' हे कोणाच्या तरी स्मरणातून उतरलेले असतात, आणि त्यांची उत्तरेही. छापले आहे किंवा एखाद्या मोठ्या शिक्षकाने सांगितले आहे एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये, हे कालाम सुत्ताने आपणांस शिकविले आहे. संशय आल्यास प्रमाण पाठ्यपुस्तक उघडावे.

संघाचे साहाय्य

वर्षावासाच्या शेवटी भिक्खू प्रवारणा करतात. आपला काही दोष कोणी पाहिला, ऐकला किंवा तसा संशय आला असेल तर तो सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघास करतो. दोष दाखविणारा तेथे शत्रू नसतो.

तीन-चार विद्यार्थ्यांनी रविवारी एखाद्या विहारात किंवा अभ्यासिकेत दोन तास असेच बसावे. प्रत्येकाने आठवड्यातील आपल्या खात्रीने चुकलेल्या पाच प्रश्नांची कार्डे आणावीत, आपण कसा विचार केला ते मोठ्याने सांगावे, आणि इतरांनी विचार कोठे घसरला ते दाखवावे. गुण सांगू नयेत, विचारू नयेत. दहा बाय बाराच्या खोलीत एकट्याने कुढत बसलेल्या मुलास या बैठकीचा अभ्यासापेक्षाही मोठा उपयोग होतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस बसणारी मुले नातेवाइकांस टाळू लागतात, हे आम्ही पाहतो. त्यांना एकटे पडू देणे हा समाजाचा दोष ठरेल.

परत आलेला प्रबंध

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध १९२२ साली लंडन विद्यापीठास सादर केला. परीक्षकांनी तो सुधारणेसाठी परत केला. पैसे संपल्याने १९२३ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांस मुंबईस परतावे लागले. येथे बसून त्यांनी मांडणी नव्याने केली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि प्रबंध पुन्हा धाडला. त्याच वर्षी त्यांस डी.एस्सी. ही पदवी मिळाली. परत आलेल्या कागदाकडे पाहून त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या : काय बदलावयाचे आणि काय बदलावयाचे नाही. सोडविलेला प्रश्न परत पाहताना विद्यार्थ्याने हेच करावयाचे असते.

ज्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या 'तुमच्या कर्माचे फळ' असे सांगून गप्प बसविले गेले, त्या समाजाच्या मुलाने अनुत्तीर्ण झाल्यावर 'नशीब' म्हणावे, याचे आम्हांस दुःख होते. नशिबाचे कारण शोधता येत नाही. चुकीचे शोधता येते. पालकांनीही 'किती तास बसलास?' असे विचारण्याऐवजी 'आज कोणती चूक सापडली?' असे विचारावे, आणि उत्तर ऐकून रागावू नये. ज्या दिवशी चूक सापडली, तो दिवस वाया गेलेला नाही.

शाळेत आज आठवी-नववीत असलेल्या मुलांनी ही रीत परवाना परीक्षेची वाट न पाहता आताच अंगी बाणवावी. घटक चाचणीची उत्तरपत्रिका हाती आली की गुण पाहून ती दप्तरात कोंबू नका. चार ढीग करा, कारण लिहा, एक ओळ लिहा. बुटांचे खोके घरी असतेच. नसेल तर आमच्याकडे मागा.

जय भीम!